दिवसभर काय करतेस? आणि मुलाकडे कोण बघतं?

माझा मुलगा दीड वर्षाचा असताना मी नोकरी सोडली. तो शाळेत रुळल्यावर, चार वर्षांनी, पुन्हा धरली. त्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या वाट्याला आले. नोकरीत असताना 'मग मुलाकडे कोण बघतं?' आणि घरी असताना 'मग दिवसभर काय करतेस?' विचारणारी माणसं पुष्कळदा तीच असायची. बारशाच्या दिवशी आमच्या एका आतेसासूबाई मला म्हणाल्या होत्या, "आता काही वर्षं घरीच राहा हो, लेकराला आई लागते." पुढे मी घरी राहिले, तेव्हा एका लग्नात पंगतीला शेजारी बसून त्याच म्हणाल्या, "एवढी शिकलीस आणि घरी बसलीस, जिवाला लागतं गं." दोन्ही वेळा त्यांच्या मनात माया होती, यात मला शंका नाही. एकच माणूस दोन उलट गोष्टी इतक्या मनापासून कसा बोलतो, हे कोडं मात्र बरीच वर्षं सुटत नव्हतं.

रविवारच्या पेपरातल्या वधूवर जाहिरातींत हे कोडं दोन शब्दांत मावतं: 'नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष'. मधे फक्त एक स्वल्पविराम. पहिल्या शब्दाला प्रवासासकट दहा-अकरा तास लागतात, दुसऱ्याला दिवस पुरत नाही. वराच्या बाबतीत 'गृहकृत्यदक्ष' हा शब्द वापरलेला मी आजवर पाहिलेला नाही.

मला उमगलेलं उत्तर असं आहे. घर आणि मूल सांभाळणं हे 'काम' नाही, असं आपण मनाशी धरून चाललो आहोत. ते काम नसेल, तर घरी असलेली आई रिकामी आहे. आणि ते काम नसेल, तर नोकरीवाल्या आईला त्यासाठी वेगळा वेळ कशाला लागावा? ते आपोआप व्हायला हवं, आणि झालं नाही तर दोष तिचा. दोन्ही टोमणे एकाच मुळातून फुटतात. म्हणून नोकरीवाल्या आया आणि घरातल्या आया यांच्यातला वाद मला चुकीच्या जागी चाललेला वाटतो. दोघींचं माप काढणारी फूटपट्टी एकच आहे.

आता हे काम नेमकं किती आहे ते बघू. भारत सरकारच्या सांख्यिकी खात्याने २०१९ मध्ये देशभर वेळवापर सर्वेक्षण केलं. माणसांनी आदल्या दिवशी कोणत्या वेळी काय केलं, हे अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशोबाने विचारलं. ज्या बायकांनी त्या दिवशी बिनपगारी घरकाम केलं, त्यांचे सरासरी २९९ मिनिटं, म्हणजे पाच तास, त्यात गेले. ज्या पुरुषांनी केलं, त्यांची ९७ मिनिटं गेली. मुलांची, म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची देखभाल वेगळी मोजली होती. ती बायकांची १३४ मिनिटं आणि पुरुषांची ७६. शिवाय पुरुषांमध्ये घरकाम करणारेच मुळात चारात जेमतेम एक होते. बायकांमध्ये पाचात चार.

पाच वर्षांनी, २०२४ मध्ये, हेच सर्वेक्षण पुन्हा झालं. बायकांची मिनिटं २९९ वरून २८९ वर आली. पुरुषांची ९७ वरून ८८ वर. बाईच्या पाठीवरची दहा मिनिटं उतरली, पण ती पुरुषाकडे गेली नाहीत. गॅस, नळाचं पाणी, मिक्सर, बाहेरून येणाऱ्या पोळ्या यांच्याकडे ती गेली असावीत, असा माझा अंदाज.

पाच तासांचं काम दिसेनासं कसं होतं? त्यात देशाच्या हिशोबाच्या पद्धतीचाही हात आहे. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना पैसे देऊन घेतलेली सेवा धरतात, घरच्या माणसाने घरच्यांसाठी केलेली सेवा धरत नाहीत. हा नियम जगभर आहे. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचंच बघा. सकाळी सातला त्या माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून वीस पोळ्या लाटतात, ते देशाचं उत्पन्न. साडेनवाला घरी जाऊन त्याच हातांनी स्वतःच्या लेकरांसाठी भाकऱ्या थापतात, ते कुठेच नाही. पीठ मळायला लागणारा जोर दोन्हीकडे तेवढाच. हिशोबनीसांची अडचण खरी आहे, घराघरातलं काम पैशात मांडणं सोपं नाही. पण हिशोबात नाही म्हणून काम नाही, अशी समजूत त्यातून पसरत गेली आणि ती घराघरात मुरली.

जनगणनेतही तेच. घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बाईची नोंद 'काम न करणारी' अशी होते. २०१० मध्ये एका अपघात नुकसानभरपाईच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. २००१ च्या जनगणनेत सुमारे ३६ कोटी बायकांना भिकारी, कैदी आणि वेश्या यांच्यासोबत एकाच बिनकामाच्या गटात बसवलं होतं, याकडे न्यायालयाने लक्ष वेधलं. आपल्या आईचं नाव सरकारी कागदावर कुठल्या रांगेत होतं, हे मला तो निकाल वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

न्यायालयांचा विषय निघालाच आहे, तर तिथे जरा थांबू. कारण आपल्या देशात घरातल्या बाईच्या कामाची रुपयांत किंमत काढणारी जवळपास एकच जागा आहे, ती म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. ती बाई अपघातात गेली, की नवरा आणि मुलं भरपाई मागतात आणि न्यायाधीशांना आकडा काढावाच लागतो.

कमावणारा माणूस गेला तर हिशोब सरळ असतो. वर्षाचा पगार घ्यायचा, तो स्वतःवर खर्च करायचा तेवढा भाग वजा करायचा आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. गृहिणीला पगार नाही, म्हणून तिचं 'काल्पनिक उत्पन्न' धरतात. समजा वय ३५ आणि काल्पनिक उत्पन्न महिन्याला १०,००० रुपये धरलं. वर्षाचे १,२०,०००. स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा, उरले ८०,०००. या वयाला गुणक १६, म्हणजे १२,८०,००० रुपये. भविष्यातल्या वाढीची भर यात पडते, ती सध्या बाजूला ठेवू. सगळी गंमत त्या पहिल्या दहा हजारांत आहे. तो आकडा आणायचा कुठून?

१९८९ मध्ये जमशेदपूरला एका कारखान्याच्या संस्थापक दिनाच्या सोहळ्यात आग लागून अनेक बायका-मुलं गेली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये गृहिणींच्या सेवेचं मोल महिन्याला ३,००० रुपये धरलं. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात तर न कमावणाऱ्या जोडीदाराचं उत्पन्न म्हणजे कमावणाऱ्याच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश, असं सूत्रच होतं. पुढे जानेवारी २०२१ मध्ये न्यायमूर्ती एन. व्ही. रमणा यांनी एका निकालात हा विषय नीट उलगडला. २०११ च्या जनगणनेत घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या बायका सुमारे १६ कोटी होत्या आणि पुरुष ६० लाखांहूनही कमी, हे त्यांनी त्यात नोंदवलं. शिवाय किंमत काढण्याच्या तीन पद्धती सांगितल्या.

पहिली पद्धत हुकलेल्या कमाईची. बाई घरी राहिली नसती तर बाहेर किती कमावलं असतं, तो आकडा धरायचा. दुसरी भागीदारीची. लग्न ही बरोबरीची भागीदारी मानायची आणि नवऱ्याच्या कमाईतला निम्मा वाटा तिचा धरायचा. तिसरी बदलीची. ती करत होती ती कामं माणसं लावून करून घ्यायची झाली, तर किती पैसे लागतील ते बघायचं.

हे वाचून मी एकदा आईसमोर वही घेऊन बसले. आईला लग्नाआधी पोस्टात नोकरी होती, लग्नानंतर सोडली. पहिल्या पद्धतीने पोस्टातला पगार धरला. आई म्हणाली, "मग तुझ्या काकूचं काय? ती सातवी शिकली. तिच्या भाकरीची किंमत माझ्यापेक्षा कमी?" दुसऱ्या पद्धतीने बाबांचा निम्मा पगार धरला. बाबा लिपिक होते, म्हणजे मॅनेजरच्या बायकोचं तेच काम जास्त महाग ठरलं. तिसऱ्या पद्धतीत स्वयंपाक, धुणी, झाडलोट, शिकवणी असं एकेक लिहीत गेले. या कामांचे आपल्याकडचे दर मुळातच इतके कमी, की बेरीज फार झाली नाही. आईने यादी वाचली आणि विचारलं, "आजी दोन वर्षं अंथरुणावर होती. रात्री तीनदा उठून तिला कुशीवर करावं लागायचं. ते कशात धरलंस?" मी ते कशातच धरलं नव्हतं. 'रात्रीची आया' असं लिहून आकडा घातला असता, पण आजी माझ्या आईशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

तिन्ही पद्धती अपुऱ्या आहेत. तरी मला त्या मोलाच्या वाटतात, कारण न्यायालयाने निदान आकडा शून्य नाही हे मान्य केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय आणखी एक पाऊल पुढे गेलं. गृहिणीचं काल्पनिक उत्पन्न रोजंदारीच्या किमान वेतनापेक्षा कमी धरता येणार नाही, असं त्याने सांगितलं. एवढंच, की हा हिशोब ती बाई गेल्यावर होतो.

आता दुसऱ्या बाजूकडे येऊ. 'काम करणारी आई' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लॅपटॉपची बॅग आणि लोकलचा लेडीज डबा येतो. घरी पोचून लगेच फोडणी टाकता यावी म्हणून डब्यात बसल्या-बसल्या मटार सोलणारी, मेथी निवडणारी बाई येते. ते चित्र खरं आहे, मी त्यात बसलेली आहे. पण महाराष्ट्रात आया कामाला जाताहेत त्या ऑफिसं निघायच्या कितीतरी आधीपासून. मुंबईच्या गिरण्यांत शंभर वर्षांपूर्वी बायका हजारोंनी होत्या. कामाची पाळी सुरू व्हायच्या आधी तान्ह्या बाळाला अफूची 'बाळागोळी' चाटवून झोपवून जायचं, ही तिथली रीत होती. त्या आयांना माया नव्हती म्हणून हे होत नव्हतं. बाळ ठेवायला जागा नव्हती आणि खाडा केला तर पगार कापला जायचा.

याच पार्श्वभूमीवर मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचं विधेयक आलं. २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना एक मुद्दा मांडला, तो मला आजही सगळ्यांत नेमका वाटतो. बाळंतिणीला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याच्या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलायला हवा, असं ते म्हणाले. मुंबईचा कायदा १९२९ मध्ये झाला, देशातला त्या प्रकारचा पहिला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी ती २६ आठवडे झाली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. कायदा चांगला आहे. पण कर्मचारी राज्य विम्यात येणाऱ्या कमी पगाराच्या नोकऱ्या सोडल्या, तर या रजेचा सगळा पगार मालकानेच द्यायचा आहे. बाबासाहेबांनी सरकारवर टाकलेला भार मालकावर आला, आणि मालक तो मुलाखतीतच टाळायला बघतो. 'लग्नाचं काय ठरलंय?' हा प्रश्न मुलाखतीत विचारला जातो तो यामुळे. बापासाठी तर खाजगी नोकरीत रजेचा कायदाच नाही. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात. मूल ही आईची एकटीची जबाबदारी, हे असं कायद्यातूनही गिरवलं जातं.

आणि ज्यांना ही रजा नाही, पाळणाघर नाही, त्या आया तर आपल्या चर्चेतही नसतात. बीडकडून दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी जोडपी घ्या. मुकादम उचल देतो ती 'एका कोयत्या'ला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बाई पहाटे फडात जाते, ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते आणि रात्री पालापुढे तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते. मूल फडाच्या कडेला. 'करिअर की मूल' असा लेख तिच्यावर कुणी लिहीत नाही. तिचं काम आपल्याला निवड वाटत नाही, म्हणून तिला दोषही नाही आणि मानही नाही.

इथे प्रतिष्ठेचा धागा येतो. गावाकडे घर जरा सावरलं, विहिरीला पाणी लागलं, मुलगा नोकरीला लागला, की पहिली गोष्ट काय होते? बाईचं दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जाणं बंद होतं. 'आमच्या घरच्या बायका कामाला जात नाहीत' हे वाक्य अभिमानाने उच्चारलं जातं. मजुरीत तिची झालेली परवड आठवली तर त्यात सुटकाही आहे, हे मी नाकारत नाही. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासून दाखवलं, की शेतीकडून कारखानदारीकडे जाताना बायकांचं बाहेरचं काम घटतं आणि शिक्षण व ऑफिसातल्या नोकऱ्या वाढल्यावर पुन्हा चढतं. वाटीच्या आकाराची रेघ. आपल्याकडे एकाच घरात या वाटीच्या दोन्ही कडा सापडतात. आजी शेतात, आई घरात, नात आयटीत. आतेसासूबाईंच्या दोन वाक्यांत दोन काळ एकत्र बोलत होते, हे मला इथे कळलं. घरी असणं ही त्यांच्या तरुणपणची प्रतिष्ठा. शिकून कमावणं ही आजची.

दृष्टिकोन काळ्या दगडावरची रेघ नसतो, हे जर्मनीकडे पाहिलं की पटतं. मूल दुसऱ्याकडे ठेवून कामावर जाणाऱ्या आईला जर्मन भाषेत एक कडू शब्द आहे, 'राबेनमुटर', म्हणजे डोमकावळ्याच्या जातीची आई. पश्चिम जर्मनीत १९७७ पर्यंत कायदाच असा होता, की लग्न आणि कुटुंबाची कर्तव्यं सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. पूर्वेकडे त्याच काळात सरकारने जागोजागी पाळणाघरं उघडली आणि आया सर्रास कामावर गेल्या. भाषा एक, माणसं एक. १९९० मध्ये देश पुन्हा जोडला गेला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं कामावर जाणाऱ्या आईबद्दल पूर्वेकडच्या लोकांचं मत पश्चिमेपेक्षा सौम्य राहिलं. पाळणाघर गल्लीत असलं की आईबद्दलचं मतही बदलतं.

मूल बिघडतं का, हा प्रश्न मात्र टाळू नये, कारण आयांची झोप तोच उडवतो. अमेरिकेत १९९१ पासून १,३०० हून अधिक मुलांना जन्मापासून पुढे अनेक वर्षं पारखत एक मोठा अभ्यास झाला. फक्त आईने सांभाळलेली मुलं आणि इतरांकडेही राहिलेली मुलं यांच्या वाढीत एकुणात मोठा फरक दिसला नाही. घरातलं वातावरण, आईबापांचं मुलाशी वागणं आणि सांभाळणाऱ्या जागेचा दर्जा यांनी जास्त फरक पडला. तिकडचा अभ्यास जसाच्या तसा आपल्याला लागू करू नये. पण दर्जाचा मुद्दा मला आपल्याकडेही पटतो. आमच्या सोसायटीतल्या पाळणाघरवाल्या काकू दहा मुलांना दुपारी वरणभात भरवून रांगेत झोपवायच्या, आणि माझा मुलगा घरी आल्यावर काकूंचंच गाणं म्हणायचा. मला आधी त्याचं वाईट वाटायचं. नंतर त्याच्यावर जीव लावणारं आणखी एक माणूस आहे, याचा आधार वाटू लागला.

घरी राहिलेल्या आईला परत फिरताना काय मोजावं लागतं, तेही सांगते. चार वर्षांनी मी मुलाखतीला गेले तेव्हा समोरच्यांनी बायोडेटातल्या त्या जागेवर पेन टेकवून विचारलं, "इथे काहीच नाही?" २००७ मध्ये अमेरिकेत शेली कोरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता. तोडीस तोड दोन बायोडेटा, फक्त एकात उमेदवार आई असल्याचा उल्लेख. आई असलेली उमेदवार कमी सक्षम ठरली आणि तिला कमी पगार सुचवला गेला. बाप असलेल्या पुरुषाचं काहीच बिघडलं नाही. माझ्या बाबतीत मागच्या पगारापेक्षा कमीवर यावं लागलं. मी आले.

परत आल्यावर शाळेच्या फॉर्मवर संपर्क क्रमांकांत नवऱ्याचा नंबर पहिला घातला, माझा दुसरा. तरी वर्षभर फोन मलाच यायचे. ताप आला, डबा विसरला, गुडघा फुटला. मी दोनदा जाऊन बाईंना सांगितलं, की ते जवळ असतात, आधी त्यांना लावा. मग एका दुपारी मुलगा घसरगुंडीवरून पडला आणि शाळेने पहिल्यांदाच नवऱ्याला फोन लावला. तो मीटिंग सोडून साडेतीनला निघाला, मुलाला दवाखान्यात नेलं, दोन टाके घालून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याला चारजणांनी सांगितलं, "किती चांगला बाप आहेस." रात्री जेवताना त्याने ते मला सांगितलं आणि विचारलं, "तुला कधी असं कुणी म्हणालं होतं का?" मी आठवून बघितलं. त्या वर्षभरात मी अशी सहा वेळा हाफ डे टाकून निघाले होते. दर वेळी मला एकच गोष्ट विचारली गेली होती, उरलेलं काम कधी पूर्ण होईल.